छळविरोधी करारावर सही १९९७ ला केली, कायदा कधी करणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून संपत आला की तुमच्या पेपरात आणीबाणीच्या आठवणी येतात, यंदाही आल्या, मी सगळ्या वाचल्या. मिसाखाली आत गेलेल्यांचे सत्कार झाले, भाषणं झाली, २०२४ पासून तर सरकारने २५ जूनला नावच दिलंय, संविधान हत्या दिवस. चांगली गोष्ट आहे, लक्षात ठेवायलाच पाहिजे. पण लगेच दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, युनोने ठरवलेला आणखी एक दिवस असतो, कोठडीत आणि तुरुंगात छळ सोसलेल्या माणसांसाठीचा, त्यावर मात्र एक ओळ कुठे दिसली नाही. खरं तर विषय एकच आहे. सरकारने माणूस उचलला, आत ठेवला आणि आत त्याचं काय केलं ते बाहेर कोणाला कळू दिलं नाही, आणीबाणीत वाईट झालं ते हेच ना?

आपल्या कोकणाने तर हे विसरताच कामा नये. राजापूरचे आपले खासदार मधु दंडवते, त्यांना २६ जून १९७५ ला बंगळूरात पकडलं, वाजपेयी-अडवाणींबरोबर. आणि जॉर्ज फर्नांडिस, ज्यांच्या रेल्वेमंत्रीपदाच्या काळात १९९० मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ झालं, आमच्याकडची म्हातारी माणसं अजून गाडीत बसली की त्यांचं नाव काढतात, ते आणीबाणीत भूमिगत होते. ते सापडेनात म्हणून १९७६ च्या मे महिन्यात पोलिसांनी बंगळूरात त्यांच्या धाकट्या भावाला, लॉरेन्सना उचललं आणि भाऊ कुठे आहे सांग म्हणून काठ्या मोडेपर्यंत मारलं. माणसाला धड चालता येईना, शेवटी आईने राष्ट्रपतींना पत्र लिहिलं. आणि एवढं करून हाती काय लागलं तर काही नाही, जॉर्ज सापडले ते जूनमध्ये, थेट कलकत्त्याला. त्याच वर्षी केरळात राजन नावाच्या इंजिनिअरिंगच्या पोराला पोलिसांच्या कॅम्पात नेऊन त्याच्या मांड्यांवरून जाड लाकडी रूळ फिरवला, पोरगा गेला, बापाला प्रेतसुद्धा मिळालं नाही, आणि १९७७ मध्ये त्या प्रकरणापायी करुणाकरनना मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं.

मग ह्या पन्नास वर्षांत आपण केलं काय? १४ ऑक्टोबर १९९७ ला भारताने युनोच्या छळविरोधी करारावर सही केली. नुसती सही. करार आपल्याला लागू व्हायचा तर सहीनंतर त्याला पक्की मान्यता द्यावी लागते, आणि सरकार म्हणतं त्याआधी इथे तसा कायदा पाहिजे, तो आजपर्यंत नाही. ६ मे २०१० ला लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक पास केलं, तेही अगदी पातळ होतं, म्हणजे तक्रार सहा महिन्यांच्या आत कोर्टापुढे यायला हवी आणि वर सरकारची परवानगी हवी, आता कोठडीतून सुटलेला गरीब माणूस सहा महिने तर भीतीपोटी घराबाहेर पडत नाही. राज्यसभेने ते सिलेक्ट कमिटीकडे पाठवलं, कमिटीने सुधारणा सुचवल्या, तिथून पुढे ते हललंच नाही आणि २०१४ मध्ये लोकसभा संपली तसं तेही संपलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ वा अहवाल दिला, त्यात नवीन विधेयकाचा मसुदा अगदी तयार करून जोडलेला आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा, आणि मुख्य म्हणजे कोठडीत माणसाला जखम झाली तर ती कशी झाली ते पोलिसांनीच सांगायचं. अहवाल तिथेच आहे. असा कायदा करा म्हणून सुप्रीम कोर्टात गेलेल्या याचिकेवर २०१९ मध्ये कोर्ट म्हणालं कायदा करणं संसदेचं काम, आम्ही संसदेला हुकूम देऊ शकत नाही. म्हणजे कोर्ट संसदेकडे बोट दाखवतंय, संसद बोलत नाही, आणि सरकारं काँग्रेसची झाली भाजपची झाली, ह्या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत.

कोणी वकील वाचक म्हणतील, कायदा आहेच की. आहे, मला माहीत आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १२०, कबुली काढायला मारहाण केली तर सात वर्षं, गंभीर दुखापत केली तर दहा वर्षं. पण हे सिद्ध कोण करणार? मारणारा पोलीस, बघणारा पोलीस, फिर्याद घेणारा पोलीस, तपास करणारा बहुतेक वेळा शेजारच्या ठाण्यातला पोलीस, आणि बऱ्याचदा खटल्याला आधी सरकारची मंजुरी लागते हा वाद निघतोच. आणि गंमत बघा, पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही हे ब्रिटिशांच्या काळापासून आहे, आताच्या साक्ष अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. म्हणजे इंग्रजांनासुद्धा आपल्याच पोलिसांवर भरवसा नव्हता हे त्या कायद्यावरून दिसतं! पण त्यात एक फट आहे, आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून मग कोयता सापडेपर्यंत, दागिना सापडेपर्यंत, मोटरसायकल सापडेपर्यंत 'पाहुणचार'.

मी तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नोकरी केली, आता रिटायर आहे. त्यामुळे जे सांगतोय ते ऐकीव नाही. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, घ्यायच्या आधी आरोपीला मेडिकलला आणतात, तो कायदाच आहे, बहुतेक वेळा रात्री. दोन शिपाई, मध्ये आरोपी. डॉक्टर ड्युटीवर एकटा, त्याच्यापुढे एक बाळंतीण अडलेली, एक फुरसं चावलेला, आणि हे तिसरं. शिपाई बाजूलाच उभे असताना डॉक्टर विचारतो काय दुखतंय का, तो म्हणतो नाय, केस पेपरवर लिहिलं जातं ताजी जखम नाही, शिक्का, सही, संपलं. शर्ट काढायला लावलेला मी क्वचित बघितला. डॉक्टरला मी दोष देत नाही, उद्या दारू पिऊन कोणी दवाखान्यात धिंगाणा घातला तर त्याला त्याच ठाण्याला फोन करायचा असतो.

एकदा आंब्याच्या बागेवरचा एक नेपाळी राखणदार आणला होता. बागेतला पाण्याचा पंप चोरीला गेलेला, आणि आपल्याकडे पद्धत अशी की पंप गेला, मोटर गेली, काजूची पोती गेली की आधी नेपाळी, नाहीतर कातकरी, नाहीतर बोटीवरचा परप्रांतीय खलाशी, ज्याच्यासाठी रात्री ठाण्यावर फोन करणारा कोणी नाही तो. माणूस तरुण होता, तोंडावर ओरखडा नाही, हातपाय शाबूत, पण चपला हातात घेतलेल्या आणि चालताना पाय पूर्ण टेकवत नव्हता, तळव्याच्या बाहेरच्या कडेवर चालत होता, भिंतीला हात लावून लावून. खिडकीपर्यंत यायला त्याला किती वेळ लागला. पेपरवर जखम नाही असंच होतं, तळवे कोण बघतं? मी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, पाण्याबरोबर जेवल्यावर घे म्हणालो, त्याने मान हलवली, शिपाई म्हणाला चल. पंप शेवटपर्यंत मिळाला नाही, त्याला सोडून दिला, आणि पुढच्या सीझनला तो बागेवर आला नाही, दुसराच आला.

तळव्यावर मारलं की आठवड्याभरात वरून काही दिसत नाही पण चालणं बरेच दिवस सुधारत नाही. डॉक्टरांनी अशा वेळी काय काय बघायचं, आरोपीशी पोलिसांना बाहेर ठेवून कसं बोलायचं, कशा आकृत्या काढून ठेवायच्या, ह्याचं युनोचं पुस्तक १९९९ पासून आहे, इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणतात त्याला. आमच्याकडे लसीकरणाचे, हिवतापाचे, अगदी कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत टाकायचा त्याचे ट्रेनिंग झाले. ह्याचं झालेलं मी ऐकलं नाही.

पत्र लिहून काय होतं असं घरचे म्हणतात. तर २६ ऑगस्ट १९८६ ला कलकत्त्याचे डी. के. बसू, लीगल एडचं काम करणारे, त्यांनी पेपरातल्या कोठडी मृत्यूच्या बातम्या वाचून सुप्रीम कोर्टाच्या सरन्यायाधीशांना पत्रच लिहिलं होतं. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. निकाल लागायला दहा वर्षं गेली, १८ डिसेंबर १९९६, पण त्यातूनच नियम आले, अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव पाहिजे, अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने, घरी कळवायचं, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. ती ४८ तासांची तपासणीही म्हणजे मी वर सांगितला तसाच रात्रीचा शिक्का. नियम उत्तम आहेत, पण माणूस एकटाच असेल तर ते पाळले की नाही विचारणार कोण?

आता अमेरिकेचं सांगतो, कारण आपल्याकडे लगेच म्हणतात की दहशतवाद्यांपुढे काय आरती ओवाळायची? अमेरिकेवर ११ सप्टेंबर २००१ झालं. त्यानंतर सीआयएने जे केलं ते आपल्या कुठल्याही ठाण्याला लाजवेल असं, तोंडावर फडकं टाकून पाणी ओतायचं, झोपू द्यायचं नाही, खोक्यात कोंडायचं. खालिद शेख मोहम्मदला १८३ वेळा ते पाणी दिलं, २०१४ च्या सिनेटच्या अहवालात आकडा आहे, आणि त्याच अहवालाचा निष्कर्ष असा की ह्या मार्गाने उपयोगी माहिती मिळाल्याचे दावे टिकत नाहीत. उलट इब्न अल-शेख अल-लिबी नावाच्या एकाला इजिप्तकडे सोपवलं, तिथे मार खाऊन त्याने सांगितलं की इराक अल कायदाला ट्रेनिंग देतोय, ते वाक्य पुढे २००३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याने युनोत वाचलं, युद्ध झालं, आणि ती माहिती खोटी होती. एका माणसाने मार चुकवायला मारलेली थाप कुठपर्यंत गेली बघा.

तिथे हे थांबवायला पुढे आला तो मॅकेन, आणि तो काही मानवाधिकारवाला झोळीवाला नव्हता, नौदलाचा पायलट, त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचाच सिनेटर, १९६७ ला हनोईत विमान पडून साडेपाच वर्षं कैदेत राहिलेला, तेव्हाच्या जखमांमुळे आणि मारामुळे त्याला मरेपर्यंत हात खांद्याच्या वर नेता येत नव्हते. व्हिएतनाममध्ये त्याला सोबतच्या पायलटांची नावं विचारली तर त्याने एका फुटबॉल टीमच्या खेळाडूंची नावं सांगितली, म्हणजे आपल्याकडे कोणी मारलं तर गावसकर, श्रीकांत, अमरनाथ, कपिल देव म्हणून सांगावं तसं, आणि समोरच्याने ती लिहून घेतली! अशा माणसाने आणलेली दुरुस्ती सिनेटमध्ये ९० विरुद्ध ९ मतांनी पास झाली, ३० डिसेंबर २००५ ला कायदा झाला. त्याने सैन्याच्या ताब्यातल्या कैद्यांची चौकशी सैन्याच्या छापील पुस्तकाप्रमाणेच करायची असं ठरलं, पण सीआयएला पळवाट राहिली, २००८ मध्ये ती बंद करणारं विधेयक बुशने व्हेटो केलं, २००९ मध्ये ओबामाने आल्या आल्या हुकमाने बंद केली, आणि हुकूम काय पुढचा माणूस फिरवू शकतो म्हणून २०१५ मध्ये मॅकेन आणि फाइनस्टाइनबाई दोन पक्षांचे दोघं मिळून ती कायद्यातच घातली, ७८ विरुद्ध २१. आता सीआयएसुद्धा त्या पुस्तकाबाहेर जाऊ शकत नाही, पुस्तक लोकांसाठी खुलं ठेवायचं, दर तीन वर्षांनी तपासायचं, बळजबरी किंवा बळजबरीची धमकी त्यात येता कामा नये, आणि रेड क्रॉसला कैद्याची खबर द्यायची.

अमेरिका काही धुतल्या तांदळासारखी नाही. २००५ च्या त्याच कायद्यात एका हाताने मार बंद केला आणि दुसऱ्या हाताने ग्वांटानामोच्या कैद्यांचा कोर्टात जायचा हक्क काढून घेतला, तो सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये परत दिला. छळ करणाऱ्या मोठ्या माणसांपैकी कोणी आत गेलं नाही. तरीपण काय करायचं नाही हे त्यांनी लिहून ठेवलं, मतदान करून लिहून ठेवलं, आणि कोण बाजूने कोण विरोधात ते नावानिशी रेकॉर्डवर आहे. आपल्या खासदारांचं तेवढं तरी रेकॉर्ड होऊ द्या की.

नाक्यावर हे बोलायला गेलं की उत्तर ठरलेलं, "अरे मारल्याशिवाय चोर सांगतलो काय?" सांगतलो, पण काय सांगतलो ते बघा ना. २०१७ मध्ये गुरुग्रामला शाळेत एका लहान मुलाचा खून झाला, दुसऱ्या दिवशी बसचा कंडक्टर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर मी केला म्हणाला, आपण सगळ्यांनी बघितलं, फाशी द्या म्हणून आपणही ओरडलो. मग तपास सीबीआयकडे गेला, कंडक्टरचा संबंधच नव्हता असं निघालं, त्याच शाळेतल्या मोठ्या वर्गातल्या मुलाला धरलं, आणि कंडक्टरला कोर्टाने मोकळं केलं, त्याने बाहेर येऊन मारहाणीचं सांगितलं. सीबीआय आली नसती तर? ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट घ्या, आपल्या किती चाकरमान्यांच्या घरांशी संबंध आहे त्याचा, १८० च्या वर माणसं गेली. १२ जणांना शिक्षा झाली, पाच जणांना तर फाशी, आणि २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने सगळे सोडले, मकोकाखालचे (संघटित गुन्हेगारीचा हा खास कायदा, त्यात वरच्या पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते) कबुलीजबाब विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, ते छळ करून घेतलेले दिसतात असं म्हणून. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका असं त्या कोर्टाने म्हटलंय, म्हणून मी त्यावर जास्त लिहीत नाही. पण १९ वर्षांनी ज्यांची माणसं गेली त्यांच्या हातात काय आलं? मारून केस सुटते म्हणणाऱ्यांनी ह्याचं उत्तर द्यावं.

आणि आंबोली तर आपलीच ना. नोव्हेंबर २०१७, सांगलीच्या पोलिसांनी चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला पोरगा कोठडीत मेला, पोलिसांनी सांगितलं पळून गेला, आणि प्रेत आंबोलीत आणून जाळलं. पकडले गेले ते पोलीसच. आपण तिथे पावसाळ्यात धबधबा बघायला जातो, भजी खातो, कणीस खातो, कोणाला आठवतं? जिल्ह्यात तेव्हा एखादी निषेधसभा झाल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

थोडं तुमच्याबद्दल, राग मानू नका. जिल्ह्याच्या पानावर चोरीची बातमी आली की शेवटी वाक्य असतंच, 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली'. म्हणजे मारलं, आणि मारलं म्हणून बोलला, हा गुन्हा झाल्याचं तुम्ही छापताय, तेही कौतुकाने, आणि खाली साहेबांचा फोटो. पुढे तो आरोपी कोर्टात सुटला तर त्याची बातमी येत नाही. मग गावात तो जन्मभर चोरच राहतो.

पोलिसांची बाजू मला कळत नाही असं नाही, माझ्या नात्यात आहेत पोलीस. बारा-बारा तास ड्युटी, गणपतीत रजा नाही, वरून फोन, बाहेर आपला मोर्चा, आरोपी चोवीस तासांत पकडा. बोटांच्या ठशांचा माणूस जिल्ह्याहून येईपर्यंत अर्धा गाव दाराच्या कडीला हात लावून गेलेला असतो. हातात दुसरं काही दिलंच नाही तर शिपाई पट्टाच उचलणार. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यानंतर चौकशी टेप करायला लागले, १९९० नंतर तिथल्या पोलिसांना प्रश्न विचारायचंच नवीन ट्रेनिंग दिलं, कबुली काढायला जायचं नाही, माहिती काढायला जायचं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, आवाजासकट लावा, चौकशीच्या खोलीतसुद्धा लावा म्हणून सांगितलंय, आणि नव्या संहितेत झडतीचं शूटिंग सक्तीचं केलंय, आता मोबाईलवर पंचनामा शूट होतो तर चौकशी का नाही? आणि परदेशी कोर्टांसमोर आपलं काय होतं तेही बघा. पुरुलियात १९९५ ला विमानातून शस्त्रं टाकणाऱ्याला डेन्मार्क अजून देत नाही, तिथली कोर्टं म्हणतात भारतात छळ होईल. मल्ल्याच्या वेळी तर लंडनच्या कोर्टाने ऑर्थर रोडच्या बराकीचा व्हिडिओ मागवला, उजेड येतो का बघायला, आणि सरकारने शूटिंग करून पाठवला. नऊ हजार कोटीवाल्याला एवढं, मग पंपाच्या चोरीवाल्याला निदान तळवे बघणारा एक डॉक्टर तरी?

म्हणून दोन मागण्या. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगड, दोन्हीकडच्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात लेखी प्रश्न विचारावा की विधी आयोगाचा २०१७ चा मसुदा संसदेत कधी येणार, आणि येणार नसेल तर १९९७ ची सही मागे घेणार का, आणि तुमच्या पेपरने दोघांना हे विचारून त्यांचं उत्तर छापावं. दुसरी अगदी साधी. मेडिकलच्या कागदावर तळवे, पाठ, मांड्या, नखं असे रकाने छापा, आरोपीचे कपडे काढून बघितलं का ते हो-नाही लिहायचं, पोलीस तपासणीच्या वेळी दाराबाहेर होते का ते लिहायचं, आणि एक प्रत आरोपीच्या हातात द्यायची. ह्याला दिल्लीची वाट बघायला नको, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या एका पत्राने उद्यापासून सुरू होईल.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त आरोग्य कर्मचारी, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
(नाव छापू नये ही विनंती)